रुंद तोंडाची डबी

तिचं तोंड अंगाच्या मानानं फार मोठं. खांदे नाहीत, गळा नाही. बुडापासून निघालेली भिंत थेट तोंडापर्यंत जाते आणि वर लाल फिरकीचं झाकण बसतं. शंभर मिलीची, दुधाळ प्लॅस्टिकची. नांदेडच्या आमच्या पशुवैद्यांनी ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मला ते लघवी तपासायचंच भांडं वाटलं. आकार तोच, पण काम वेगळं. हिच्या पोटात मांसाचा तुकडा जातो. जाताना तो मऊ असतो, कसाही दुमडून आत घालता येतो. दोन दिवसांत तो ताठ होतो आणि मग निमुळत्या बाटलीतून काही केल्या बाहेर येत नाही. ओढला की दबतो, कडा फाटतात, आणि गाठीची खरी गोष्ट तर कडेलाच असते. म्हणून दवाखान्यात सलाइनच्या नि सिरपच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलेला असूनही या कामावर पहिला हक्क हिचाच.

आत फॉर्मलिन. दिसायला साधं पाणी, पण झाकण अर्धा फेरा सैल झालं तरी डोळे चुरचुरतात. त्याला 'दहा टक्के' म्हणतात. प्रत्यक्षात फॉर्माल्डिहाइड त्यात चार टक्क्यांच्या आसपासच असतं. मूळ द्रावणच चाळीस टक्क्यांच्या घरातलं, त्याचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळला की व्यवहारात ते 'दहा टक्के' झालं. सुरुवातीला हे द्रव्य जंतू मारण्यासाठी तपासलं जात होतं. 1893 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लूम या डॉक्टराच्या लक्षात आलं, की त्यावर काम करता करता आपल्याच बोटांची कातडी टणक झाली आहे. बोट टणक होतं तर आतडं का होणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली; माणसाची गाठ असो की म्हशीची, सूक्ष्मदर्शकापर्यंत ती बहुधा याच पाण्यातून जाते.

डबीचा स्वभाव कडक, आणि तिच्या वतीनं डॉक्टर बोलत होते. "ताई, हिला बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलं की पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. उन्हातही नको. आणि तुकड्याच्या दहापट पाणी लागतं, कमी चालत नाही." उन्हाचं त्यांनी दोनदा सांगितलं. नांदेडचा मे महिना 42 अंशांच्या पुढं जातो आणि शरीरातून निघालेलं मांस त्या उष्म्यात स्वतःलाच खाऊ लागतं. हे खाणं फॉर्मलिन थांबवतं, पण सावकाश. मांसात ते तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, खोल जाईल तसं आणखी हळू. म्हणून डॉक्टरांनी गाठीला आधी समांतर चिरा पाडल्या, एक कड मात्र अखंड ठेवली, आणि डोक्याच्या बाजूला काळ्या दोऱ्याचा एक टाका घातला. उद्या तपासणाऱ्यानं "या कडेला अजून शिल्लक आहे" असं कळवलं, तर ती कड मिरजीच्या अंगावर कुठली होती ते कळावं म्हणून.

मिरजी म्हणजे आमची कुत्री. गाठ तिची. मागच्या पायांजवळच्या आचळाशी ती सापडली, तीही सासूबाईंना, पोट खाजवताना. कुत्रीला आचळांच्या सहसा पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्या भरदार, म्हणून गाठीही तिथंच जास्त होतात. हे पुढं कळलं. त्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हरभऱ्याएवढी आहे बघ काहीतरी." आमच्या लातूरकडची ही पद्धत. बाजारच डाळींचा, त्यामुळं गाठही डाळीत मोजायची: मुगाएवढी, तुरीएवढी, हरभऱ्याएवढी. हरभऱ्याच्या पुढं गेली की बोराएवढी, आणि लिंबाएवढी झाली की मोजणं थांबतं, लोक आवाज खाली घेतात. डबीला हे माप चालत नाही. तिच्या अंगावरच्या चिठ्ठीत 'आकार' या शब्दापुढं सेंटीमीटर छापलेलं. डॉक्टरांनी मोजपट्टी लावली: अडीच. तीन सेंटीमीटरच्या आतली गाठ वाईट निघाली तरी पुढचं जरा बरं असतं, असा या आजारातला अनुभव आहे. ते त्यांनी मोघम सांगितलं, आणि आम्ही ते घट्ट धरून ठेवलं.

चिठ्ठी भरायची ती पेन्सिलनं. फॉर्मलिन झिरपलं तर शाई पसरते, पेन्सिल टिकते. नाव लिहिलं. प्राणी: कुत्रा. लिंग: मादी. मग आलं वय, आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो.

मिरजीच्या जन्माचा कागद कुठून असणार? पण तिचं साल अख्ख्या लातूरला पाठ आहे. 2016. सासूबाई तेव्हा लातुरातच राहायच्या. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी आली, कलम 144 लागलं. ते माणसांना होतं. एका टाकीच्या खाली, गळणाऱ्या नळाच्या ओल्या मातीत हे पिल्लू पोट टेकून पडलेलं असायचं. शहरातली तेवढीच ओल त्यानं शोधून काढली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. त्या गडबडीत पिल्लू कुणीतरी घरी आणलं आणि नाव पडलं मिरजी. आमच्या ओळखीतल्या एका मिरजकर बाईंना ते अजून आवडलेलं नाही. तर वय या हिशेबानं काढलं आणि पेन्सिलनं लिहिलं. त्यापुढं डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं 'अंदाजे' घातलं.

जात: गावठी. इथं सासूबाई अडून बसल्या. मिरजीचं तोंड लांब, छाती खोल, पोट आत ओढलेलं. "हिच्यात कारवानीचं रक्त आहे," हे त्यांचं जुनं म्हणणं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, कारण या पट्ट्यात सशामागं सोडायला कारवानी कुत्री पाळायची रीत जुनी आहे. पण कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं देशी कुत्र्यांच्या जाती पहिल्यांदा नोंदवल्या, तेव्हा त्यांत नावं आली तीन: राजापलायम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड. दोन तमिळनाडूची, एक कर्नाटकातलं. आपल्याकडच्या गाई-बैलांचं तसं नाही. लालकंधारी नांदेडची, देवणी लातूरची. कातडीचा रंग, कपाळ, कान, शिंगं यांची वर्णनं सरकारी कागदावर आहेत. कुत्र्याला आमच्याकडं दोनच जाती, गावठी आणि पाळीव. शेवटी 'गावठी' हेच राहिलं.

पुढचा रकाना: नसबंदी, होय की नाही. नाही. हा रकाना उगाच नाही हे नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. 1969 मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास पशुवैद्य अजून सांगतात: पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीला आचळाच्या कॅन्सरचा धोका नसबंदी न झालेल्या कुत्र्यांच्या मानानं अर्धा टक्काच उरतो, पहिल्या माजानंतर केली तर आठ टक्के, दुसऱ्यानंतर सव्वीस. त्या आकड्यांवर पुढं वादही झाले. पण दिशा कुणी खोडून काढली नाही.

मला त्या चिठ्ठीचं नवल वाटलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्याकडं बैल कशानं गेला हे गावाला माहीत असतं. फऱ्या, घटसर्प, पान लागलं, शिंगाचा कॅन्सर. हो, शिंगाचा कॅन्सर आमच्या शेतकऱ्याला माणसाच्या कॅन्सरइतकाच जुना माहीत आहे. बैल एका बाजूला मान कलती धरतो, डोकं झटकतो, खांबावर शिंग घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, आणि शिंग बुडाशी मऊ होऊन लवतं. मग शिंग कापून घेतात. बैल कामाला लागतो किंवा लागत नाही, पण कारण सगळ्यांच्या तोंडी असतं. कुत्रं मात्र नुसतं जातं. "जेवायचं सोडलं आणि गेलं," एवढ्यावर त्याची गोष्ट संपते. ज्या जनावरानं रात्रभर वाडा राखला, ते कशानं गेलं हे विचारायची पद्धत नाही. डबीनं पहिल्यांदा विचारलं, आणि तेही मिरजी जिवंत असताना.

घरी डबी एक रात्र मुक्कामाला होती. दुपारपर्यंत ऑपरेशन आटोपलं, गर्भाशयही त्याच भुलीत काढलं. डबी तपासणीसाठी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची होती, आणि तिथं जायला मला दुसरा दिवस मोकळा होता. दोन पिशव्यांत बंद करून, मध्ये कापूस घालून, ती कुठं ठेवायची यावर चर्चा झाली. स्वयंपाकघरात नको यावर एकमत. देवघराशेजारच्या कोनाड्यात सासूबाई ठेवू देईनात. अखेर पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर तिला जागा मिळाली. खाली मिरजी गळ्यात प्लॅस्टिकचा कोन अडकवून दाराच्या चौकटींना धडका देत फिरत होती. टाके चाटू नयेत म्हणून तो कोन. तिला पाण्याचं भांडं सापडेना, मग कोनासकट तोंड बादलीत घातलं. तिच्या अंगातून काय निघालं, ते वरच्या फळीवर आहे, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "कशाला एवढं करायलाव? खायलंय की ते, पळायलंय की." मग आवाज उतरवून, "सदाफुलीचा पाला वाटून लावून बघा. कॅन्सरवर चालतो म्हणतात." त्यांच्या भिंतीकडेला सदाफुली बारा महिने फुललेली असते. या सल्ल्यात जे खरं आहे ते गमतीचं आहे. मधुमेहावर लोक सदाफुलीचा पाला घेतात म्हणून 1950 च्या दशकात कॅनडात त्याची तपासणी झाली. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून आधी विनब्लास्टिन सापडलं, मागोमाग विन्क्रिस्टिन. मात्र एक ग्रॅम विन्क्रिस्टिनसाठी वाळलेला पाला शेकडो किलो लागतो, आणि ते औषध शिरेबाहेर थेंबभर सांडलं तरी मांस जळतं. पाला वाटून लावायचा प्रश्नच नाही, खायला घालायचा तर त्याहून नाही; तो विषारी आहे.

आणि हेच विन्क्रिस्टिन आपल्या गल्लीबोळांतल्या कुत्र्यांना दर आठवड्याला शिरेतून दिलं जातं, पण दुसऱ्याच कॅन्सरवर. कुत्र्यांत संबंधातून पसरणारा एक कॅन्सर आहे. त्यात विषाणू एकाकडून दुसऱ्याकडं जात नाही, कॅन्सरच्या पेशीच जातात, आणि नव्या अंगात रुजतात. जगभरच्या कुत्र्यांतल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आल्यात, हे जनुकांवरून सिद्ध झालं आहे. ते कुत्रं केव्हाच मेलं, त्याचा आजार मात्र नांदेडच्या चौकात अजून फिरतो. विन्क्रिस्टिनची चार-सहा इंजेक्शनं पडली की बहुतेक कुत्री त्यातून साफ बरी होतात. कॅन्सर या शब्दानं घर गोळा होतं खरं, पण त्या एका शब्दाखाली बऱ्या होणाऱ्या नि न होणाऱ्या किती गोष्टी आहेत! काकूंना मी एवढंच सांगितलं की सदाफुलीचं औषध आहे, पण ते दवाखान्यातलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही.

सासूबाईंची भीती काकूंच्या सल्ल्यानं जाणारी नव्हती. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना बार्शीला नेलं होतं. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. लातूरकडं एखाद्याला "बार्शीला नेलंय" म्हटलं की ऐकणारा आजाराचं नाव विचारत नाही. "हिला कुठं नेणार?" असं त्या त्या रात्री दोनदा म्हणाल्या. मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल सुरू झालं आहे, हे मी सांगितलं. नांदेडहून मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी. त्यांनी मिरजीकडं बघितलं. "गाडीत बसत नाही ती. ओकते." विषय तिथं थांबला.

दुसऱ्या दिवशी एसटीत डबी माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, आणि तिथून उदगीरकडं. शेजारच्या आजींनी "डब्यात काय न्यायलाव?" विचारलं, मी "औषध" म्हणाले. माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, आणि अश्व-श्वान-कुक्कुट प्रदर्शनही. तेल लावलेली कारवानी कुत्री गळ्यात लाल पट्टा घालून तिथं चालून दाखवतात. परीक्षक चाल बघतात, दात बघतात. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो. त्याचा वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रंच म्हणवतो, भुंकतो, कोटंबा नावाच्या भिक्षापात्रातलं खातो. एवढ्या मानाच्या प्राण्याच्या दुखण्याची पूस मात्र आमच्याकडं नाही. बस माळेगावात थांबली तेव्हा मैदान रिकामं होतं. मी डबीचं झाकण पिशवीच्या वरूनच चाचपलं. घट्ट होतं.

उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पूर्वी मराठवाडा कृषी विद्यापीठाखाली होतं, 2000 नंतर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडं आलं. बाहेर दवाखान्यासमोर टेम्पोतून उतरवलेली एक देवणी गाय उभी होती. विकृतीशास्त्र विभागात ज्यानं डबी हातात घेतली त्या मुलानं आधी उजेडाकडं धरून पाणी पुरेसं आहे का ते बघितलं, मग टाका बघितला, मग चिठ्ठी. "मिरजी?" तो म्हणाला आणि रजिस्टरात तेच लिहिलं. क्रमांक पडला. त्या क्षणी डबीचं आमच्या घराशी नातं संपलं, मात्र मिरजीशी सुरू झालं.

पुढं तिच्या पोटातल्या तुकड्याचं जे होतं ते मी त्या मुलाला विचारून घेतलं. तुकडा अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून नेऊन त्यातलं पाणी काढून टाकतात. मग झायलीन, मग वितळलेलं मेण. मेणाचा ठोकळा गार झाला की त्याचे चार-पाच मायक्रॉनचे पापुद्रे काढतात, म्हणजे एका मिलिमीटरात दोनशेच्या आसपास. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. नंतर रंग. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघणाऱ्या हिमॅटॉक्सिलीननं पेशींची केंद्रं निळी होतात, इओसिननं बाकीचं गुलाबी. मग बघणारा तीन गोष्टींना गुण देतो: पेशी अजून नळ्या रचतायत का, केंद्रं एकमेकांशी मिळतीजुळती आहेत का, आणि ठरावीक जागेत किती पेशी विभागताना सापडतात. बेरजेवरून प्रत ठरते, एक ते तीन. शिवाय कडा बघायच्या. यातलं काहीही हाताला लागत नाही, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, एक्स-रेत येत नाही. मिरजीच्या छातीचे एक्स-रे आधीच काढले होते, फुफ्फुसं स्वच्छ होती. पण फुफ्फुसात दिसायला डागाला काही मिलिमीटर तरी वाढावं लागतं. सुईनं पेशी काढून बघायची तपासणीही झाली होती, आणि आचळाच्या गाठीत साधी कुठली नि वाईट कुठली हे ती नेहमी खात्रीनं सांगू शकत नाही. कुत्र्यांतल्या अशा गाठी अंदाजे निम्म्या साध्या, निम्म्या कॅन्सरच्या. नाणं फेकल्यावर जेवढं कळतं तेवढंच बाहेरून कळतं.

मधल्या दिवसांत सासूबाईंनी मिरजीला पहिल्यांदा भाकरीबरोबर तूप दिलं. माझ्या मुलानं तिच्या कोनावर स्केचपेननं मासे काढले. कुणी काही बोलत नव्हतं, आणि मिरजीचं वजन वाढलं.

अहवाल फोनवर आला. ट्यूब्युलर कार्सिनोमा, प्रत एक, कडा मोकळ्या. म्हणजे गाठ कॅन्सरचीच, पण मवाळ, आणि सगळी निघालेली. "सध्या औषध नाही, इंजेक्शन नाही," डॉक्टर म्हणाले. "तीन-तीन महिन्यांनी दाखवा. आणि घरच्या घरी दर आठवड्याला सगळी आचळं चाचपायची. एकदा गाठ झाली की उरलेल्या आचळांत दुसरी होणं नवीन नाही." सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेऊन विचारलं, "बार्शीला न्यायची नाही ना?" डॉक्टरांना कळलं. "नाही आजी."

मग त्या स्वतः मिरजीला उताणं पाडून बसल्या. पुढच्या डाव्या बाजूला काहीतरी आहे म्हणाल्या, मुगाएवढं. मी चाचपलं, मला ते आचळच वाटलं. त्यांना नाही वाटलं. "किती सेंटीमीटर लिहायचं?" त्यांनी मुलाला विचारलं. त्यानं कंपासपेटीतली पट्टी आणली, आणि मिरजी कंटाळून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मेडिकलवर मी रुंद तोंडाची डबी मागितली. दुकानदारानं विचारलं, "युरीनची का?"

"नाही, कुत्रीची. लागलीच तर."

त्यानं जरा विचार केला आणि फळीवरून दोन काढल्या.

"मग एक मोठी पण ठेवा," तो म्हणाला. "परत करता येते, सील फोडू नका."